डॉक्टरबाईंची डिस्क आमच्या चुलीवर

बॅकअप हा शब्द मी आता इतक्यांदा ऐकला आहे, की कुणी तो उच्चारला की मी उठून भांडी घासायला जाते. भांडी स्वच्छ असली तरी घासते.

माझा मुलगा महाडला कॉम्प्युटरचं काम करतो. मागच्या आळीत खाली एक खोली, तिथे कामाचं टेबल आणि उघडून ठेवलेली यंत्रं. वर राहायची जागा. दुकानदारांचे, डॉक्टरांचे कॉम्प्युटर सांभाळायचे, बिघडले की जायचं, असं ते काम. सून त्याच्या बरोबरीने करते. कामात दोघं सारखीच, फक्त तो दहा वाक्यं बोलतो तिथे ती एकात भागवते. मी आणि हे वर वाडीत असतो. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला वर चढणारी पायवाट आहे, तिच्या टोकाला आमची घरं. वाडीतली निम्मी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर बंदच असतात, कारण माणसं मुंबईला. माझा मुलगाही तिथेच एका कंपनीत होता. तो परत आला. वाडीतला परत आलेला तोच एक, आणि तो पुन्हा जाऊ नये एवढंच मला हवं आहे. बाकी त्या डिस्कचं काय करायचं ते करा.

पण सगळं त्या डिस्कवरच येऊन अडलं होतं.

मोठा पूर आला तेव्हा त्याचं काम नुकतं बसलं होतं. महाडात नदी चढायला लागली की माणसं सामान माळ्यावर टाकतात. साखरेची पोती, टीव्ही, देवांच्या तसबिरी, सगळं माळ्यावर. पाणी माळ्याला लागत नाही असा सगळ्यांचा अनुभव. मुलाने प्रत्येकाला एकेक डिस्क देऊन ठेवली होती, आत कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची नक्कल. सांगितलं होतं, ही दुसरीकडे ठेवा. लोकांनी कॉम्प्युटर माळ्यावर टाकला आणि डिस्क त्याच्या शेजारी ठेवली. त्या साली पाणी माळ्याला लागलं. कॉम्प्युटर आणि त्याची नक्कल एकाच चिखलात निघाली.

मी तेव्हा मदतीला खाली गेले होते. खोलीत टेबलावर डिस्क वाळत घातलेल्या, आणि दारात माणसं उभी.

"आमची बिलं काढून दे रे."

"काका, दोन्ही भिजलंय. मी सांगितलं होतं ना, दुसरीकडे ठेवा म्हणून?"

"दुसरीकडे म्हणजे कुठं? गावच सगळं पाण्यात होतं! आणि डिस्क दिलेलीस कोणी? तूच ना?"

 बरीच गिऱ्हाइकं तेव्हा सुटली. मुंबईच्या जुन्या साहेबाचा फोन आला, जागा रिकामी आहे, ये म्हणून. त्याने बॅग काढलीसुद्धा होती. पण हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी, ज्यांचं सगळ्यात जास्त काम त्याच्याकडे होतं, त्यांनी निरोप पाठवला की नवीन यंत्रं आणली आहेत, येऊन लाव. तेवढ्यावर तो थांबला. मात्र बाईंनी एक अट घातली: पुन्हा असं झालं तर आमचं सगळं परत कसं येणार, ते ठरवून सांग.

ते ठरवणं म्हणजे काय वैताग होता, ते मला लिहायचं आहे. चौथी शिकलेल्या बाईला यात कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी चहा करते आणि ऐकते. म्हणून सगळं ऐकलेलं आहे.

मुलाचं म्हणणं, सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पद्धत हवी. प्रत्येकाची वेगळी तऱ्हा सांभाळायला गेलो तर आम्ही दोघं पुरणार नाही. बरोबरच होतं ते. पण गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक, त्याला काय करणार? इंटरनेटवरून लांब कुठेतरी नक्कल पाठवायची म्हटलं तर दासगावचा फोटोवाला हात जोडायचा. "माझ्याकडे लोकांच्या लग्नाचे फोटो हायत. बायामाणसांचे फोटो हायत. उद्या कुठं भलतीकडे दिसले तर मला दासगावात ऱ्हाऊ देतील काय?" पाइप-सिमेंटवाला म्हणायचा, माझ्या दुकानातलं काही दुकानाबाहेर जाता कामा नये. का, ते तो सांगायचा नाही, आणि आम्ही विचारायचो नाही. डॉक्टरबाई म्हणायच्या, कुठेही ठेव, चंद्रावर ठेव, मागितलं की दे.

पुण्याहून एक कंपनीचा माणूस आला. मऊ बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, घाम पुसायला वेगळा रुमाल. त्याने मांडीवर लॅपटॉप उघडून रंगीत चित्रं दाखवली. हे त्या दिवशी खाली आले होते, ते पुढ्यात जाऊन बसले.

"काका, तुम्ही निवांत झोपा," तो माणूस म्हणाला. "डेटा आपोआप जातो."

"जातो ते आम्हाला ठावं हाय," हे म्हणाले. "परत येतो काय ते सांगा."

सून हसली, मुलाने वडलांकडे डोळे वटारले. त्या माणसाने मात्र पाणी प्यायला मागितलं. जाताना तो काही दिवस फुकट वापरून बघा म्हणाला. डॉक्टरबाईंच्या कॉम्प्युटरवर ते चालू केलं. आणि हायवेचं काम चाललेलं, तिथल्या खोदाईत इंटरनेटची तार तुटली. जोडली, आठवड्याने पुन्हा तुटली. पाऊस लागल्यावर वीजच जायला लागली. मुलगा रोज सकाळी बघायचा किती गेलं, आणि कपाळावर हात मारायचा.

तेव्हा ह्यांनी आपलं डोकं चालवलं. "आपलं घर डोंगरावर हाय. नदी काय आंबेनळी चढून येणार हाय काय? सगळ्यांच्या डिस्क माझ्याकडे आणून ठेव. दर रविवारी नवी आण, जुनी ने. चोख काम."

मला वाटलं मुलगा नाही म्हणेल. तो म्हणाला, "तोवर तसं करू." आमच्या घरात हा तोवर कधी संपत नाही. तोवर म्हणून बांधलेलं शेळ्यांचं छप्पर अजून तसंच आहे.

ज्येष्ठात एक झाकणाची प्लास्टिकची पेटी आली. आत एकेकाची डिस्क, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. डॉक्टरबाईंचे दवाखान्याचे कागद, एक्स-रेचे फोटो, लोकांची लग्नं, सगळं आमच्या भाताच्या कणगीशेजारी. हे वाडीभर सांगत सुटले. "अर्धं महाड माझ्या घरात हाय." माणसं बघायला यायची. मी पेटीवर चादर टाकली, तर म्हणाले, "झाकतेस कशाला गो? लोकांना दिसूंदे की."

दोन-तीन रविवार मुलगा वर आला. मग पाऊस धरला, दरडी यायला लागल्या, रस्ता कधी बंद कधी चालू. रविवार चुकायला लागले. आषाढात आमच्याकडे धुकं घरात शिरतं. अंथरूण ओलं, मीठ ओलं, चपलांना बुरशी. ज्या वस्तूला ओल लागू नये ती आम्ही चुलीवरच्या फळीवर ठेवतो. बियाणं तिथे, काडेपेटी तिथे, रेशनचं कार्ड तिथे. ह्यांनी पेटी उचलून तिथे ठेवली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढंच नाही, ह्यांनी झाकण काढून टाकलं, आत वाफ धरेल म्हणून. प्रत्येक डिस्कबरोबर सुनेने लहान लहान पुड्या घातल्या होत्या, खाऊ नका असं लिहिलेल्या. ह्यांनी त्या वाचल्या आणि विहिरीपलीकडे नेऊन पुरल्या. बियाण्याच्या शेजारी विष नको म्हणून.

श्रावणभर चुलीचा धूर त्या डिस्कांना लागत राहिला. कामट्याची टोपली जशी काळी होते तशी ती पेटी काळी झाली.

गणपतीला मुंबईची माणसं आली आणि सल्ल्यांचा पूर आला. दीर म्हणाले, "अरे, मेरे ऑफिस में तो सब सर्व्हरवर असतं, टेन्शनच नाय." चुलतपुतण्या म्हणाला, पेन ड्राइव्ह घे, खिशात बसतो. तिसरा म्हणाला, हे सगळं सोड आणि मुंबईला ये, इकडे काय ठेवलंय? मुलगा मोदक खात होता. मी तिसऱ्याला मोदक वाढलाच नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

मुलाने जाताना पेटी फडक्यात गुंडाळून नेली. काळी का झाली, म्हणून त्याने विचारलं. हे म्हणाले, "सुक्या ठेवल्यात. एक थेंब लागू दिला नाय."

विसर्जन झालं आणि डॉक्टरबाईंनी बोलावलं. आता काढून दाखव. मी त्या दिवशी दवाखान्यातच होते, गुडघ्याचं औषध संपलं होतं. मुलगा, सून आणि पेटी आत गेली. बाईंची मदतनीस म्हणाली, तुम्हीपण आत या, बाई एकदमच बघतील. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"कुणाची फाइल काढायची?" मुलाने विचारलं.

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "यांचीच काढ. उन्हाळ्यात गुडघ्याचा एक्स-रे काढलाय. आहे ना आई?"

मी मान हलवली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मुलाने चिठ्ठी बघून डिस्क जोडली. ती घरघरली, टकटक वाजली आणि गप्प झाली. काढून पुन्हा जोडली. पुन्हा टकटक. सुनेने डिस्क हातात घेऊन नाकाला लावली आणि माझ्याकडे बघितलं. मी लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत बसले.

"धुराचा वास येतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आग लागली होती का?"

"नाही," मुलगा म्हणाला. "घरी होती."

मग पुण्याच्या कंपनीची इंटरनेटवरची नक्कल उघडली. ती यायलाच इतका वेळ लागला की बाईंनी मधे एक बाळंतीण तपासून घेतली. शेवटी पडद्यावर माझं नाव आलं, वय आलं, आणि वजनही आलं. सगळ्या खोलीने ते वाचलं. त्याच्याखाली फोटोच्या जागी रिकामी चौकट.

"नाव आलं," बाई म्हणाल्या. "गुडघा कुठंय?"

मदतनीस फिसकन हसली. मुलगा समजावून सांगायला लागला, कागद हलके असतात ते आधी जातात, फोटो जड, तार तुटली, वीज गेली. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मला तुझी धडपड दिसते. पण उद्या पूर आला आणि मी पेशंटला सांगू का, तार तुटली म्हणून? दिवाळीपर्यंत एक काहीतरी नक्की कर आणि असंच माझ्यासमोर काढून दाखव. नाहीतर पनवेलची कॉम्प्युटरवाली माणसं यायला तयार आहेत. ती मागे लागलीत माझ्या."

बाई गेल्या तर त्यांच्या ओळखीचे दोन दवाखानेही जाणार होते. आणि ते गेले की महाडात राहण्यात अर्थ नव्हता. मुलाने हे जिना चढता चढताच सांगितलं, चप्पल काढायच्या आधी. "साहेबाला फोन करतो. झालं तेवढं पुरे."

हे दुपारच्या गाडीने खाली आले होते. त्यांना सगळं कळल्यावर पहिलं वाक्य काय असावं? "डिस्कच हलक्या आणल्यास तू."

"बाबा, तुम्ही चुलीवर ठेवलंत!"

"मग काय धुक्यात ठेवू? आमचं बियाणं तिथं ऱ्हातं ते उगवतं. तुझी डिस्क उगवली नाय, त्याला मी काय करू?"

"ती काय भात आहे?"

"आणि त्या विषाच्या पुड्या घातल्यास त्या? पोरंबाळं येतात घरात."

"त्या ओल ओढायच्या पुड्या होत्या!"

"मग सांगायचं ना तसं! वर लिहिलंय खाऊ नका. माणसाने काय समजायचं?"

असं बराच वेळ. दोघंही उभे, दोघांचेही आवाज चढलेले, खालच्या गल्लीतली माणसं वर बघायला लागली. माझं डोकं उठलं. मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली कढई पुन्हा धुवायला घेतली.

सून तेवढा वेळ कॉम्प्युटरपाशी बसून काहीतरी मोजत होती. मग ती बोलली. "हलके कागद रोज इंटरनेटवर जातील. वीज नसली तरी कधीतरी येते, तेवढ्यात ते जातात. जड फोटो डिस्कवर. डिस्क दर शनिवारी माणगावला, पुराच्या बाहेर, माझ्या भावाच्या दुकानातल्या कपाटात. तो तसाही शनिवारी माल घ्यायला महाडला येतो. आणि दर महिन्याला एकाची फाइल काढून बघायची. फोटोवाल्याचं इंटरनेटवर काही नाही, नुसती डिस्क. पाइपवाल्याला नको असेल तर त्याच्याकडून नको असं लिहून घ्यायचं."

मला वाटलं संपलं. पण हे ताठ झाले. "म्हणजे आमचं घर नको. तुझ्या माहेरचं कपाट चालतं."

मुलगा खिडकी लावायला वळला. 

"बाबा," सून म्हणाली, "आषाढात तलाठी आला होता ना वाडीत? दरडीची भीती म्हणून सगळ्यांना खाली शाळेत नेलं. तुम्ही काय काय नेलंत बरोबर?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही तांदूळ नेला होता, घोंगड्या नेल्या होत्या. शेळ्यांची दावी सोडून त्यांना पुढे घातलं होतं. दोन रात्री शाळेच्या वर्गात झोपलो होतो. पेटी चुलीवरच होती. कुणालाही तिची आठवण झाली नव्हती.

 हे टोपी घालून पान खायला खाली उतरले. त्यांची समजूत पटली असं म्हणता येणार नाही. अजूनही कुणी विचारलं तर सांगतात, डिस्क हलक्या होत्या. पण त्या दिवसानंतर त्यांनी पेटी परत मागितली नाही.

मुलगा मात्र लगेच हो म्हणाला नाही. दोन दिवस तो हे असं केलं तर आणि तसं केलं तर करत राहिला. पुण्याच्या माणसाला फोन, दुसऱ्या कंपनीला फोन, कुणाचं स्वस्त, कुणाचं लवकर परत येतं. सुनेने एकदा चहाचा कप त्याच्यासमोर आपटला. "गिऱ्हाईक विचारतं, तू काय लावणार? आणि तू गिऱ्हाइकालाच विचारतोस, काय लावू? तूच ठरव आणि सांग." तेव्हा कुठे त्याने सगळ्यांना सांगितलं. फोटोवाला कुरकुरला आणि राहिला. पाइपवाल्याने नको असं लिहून द्यायलाही नकार दिला आणि मग गुपचूप डिस्क घेऊन ये म्हणाला.

दिवाळीच्या आधी पुन्हा दवाखाना. मी नाही येत म्हटलं होतं, पण बाईंनीच निरोप धाडला की आईंना आणा, त्यांचीच फाइल बघायची. पुन्हा तेच स्टूल, पुन्हा माझं वजन पडद्यावर, मागच्यापेक्षा वाढलेलं. माणगावहून आणलेली डिस्क जोडली.  आणि मग पडद्यावर माझा गुडघा आला. पांढरा, मोठा, दोन हाडं आणि मधली फट. मी आयुष्यात स्वतःचं कुठलंही चित्र इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

बाईंनी चष्मा वर केला. "हं. हे ठीक." मग मुलाला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाची. मी सांगेन ती. आधी तयारी करून यायचं नाही." आणि मला म्हणाल्या, "आई, वजन कमी करा."

पनवेलचं नाव त्यांनी काढलं नाही.

भाऊबीज झाल्यावर मुलगा-सून वर आले. आमच्याकडे फोनला रेंज फक्त अंगणाच्या बांधावर उभं राहिलं तर मिळते, त्यामुळे वाडीत कुणाचंही बोलणं गुप्त राहत नाही. मुंबईच्या साहेबाचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सून ओटीवर फुलं ओवत होती, तिचा हात थांबला. हे गोठ्यात होते, तिथला आवाजही बंद झाला.

"नाही साहेब, इकडचं आता बसतंय," मुलगा म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. मग पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. मुलगा बांधावरून इकडून तिकडे चालला, पायाने दगड ढकलला, पुन्हा इकडे आला.

"बघतो साहेब. शिमग्यानंतर बोलू आपण."

सुनेच्या बोटात सुई टोचली. हे गोठ्यातून बाहेर आले. "काय म्हणाला रे?"

"काही नाही बाबा. शिमग्यानंतर बोलू म्हटलं."

"म्हणजे हो का नाय?"

"तोवर बघू," माझा मुलगा म्हणाला.

मी तांदळाचं सूप घेऊन आत गेले. निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. शिमग्यापर्यंत तो इथे आहे, एवढं तरी नक्की.